गोड माती

आबांनी मातीची चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि खात्री करायला आणखी एक चिमूट घेतली. माती गोड लागत होती.

बांधावर अख्खं गाव ताटकळत उभं होतं. साठ घरांचं उरलंसुरलं बी सात पोत्यांत भरून आणलेलं. पेरणीआधी आबांनी माती चाखायची. ते 'गोड' म्हणाले तर पेरायचं, 'खारी' म्हणाले तर त्या रानाला दोन वर्षं हात लावायचा नाही, हा या गावाचा रिवाज. आबांच्या आधी त्यांचे वडील चाखायचे, त्यांच्याआधी आजोबा. यंदा मात्र दोन वर्षं थांबायला कुणाच्या घरात दाणा नव्हता. खारी निघाली तर हे बी पाठीवर घेऊन वर डोंगरात जायचं, तिथल्या उतारावर पेरायचं आणि इकडे परत फिरकायचं नाही, असं ठरलं होतं. गोड निघाली तर इथेच पेरायचं. दुसऱ्यांदा पेरायला बी नव्हतं.

गेली पाच वर्षं आबा प्रत्येक रान गोड म्हणत आले होते. माती सुधारली म्हणून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. आणि पाचही वर्षं रोपं वीतभर वाढून शेंड्याकडून करपली होती. कुणी वाऱ्याला बोल लावला, कुणी किडीला. आबांच्या मनात मात्र भलतीच शंका घर करून बसली होती. माती सुधारली, की आपली जीभ बिघडली?

"आबा, बोला की! जेवायलाच बसलात का काय?" पाटकरी ओरडला. पाटाचं पाणी शेतोशेती फिरवणारा हा माणूस तोंडाचा भारी फटकळ. लोक हसले.

"थांब रे जरा. सूनबाई, इकडे ये."

थोरली सून पुढे आली. ती डोंगरातली. लग्न होऊन आली त्या दिवशी विहिरीच्या पाण्याचा पहिलाच घोट तिने अंगणात थुंकला होता आणि सासूने आठवडाभर तिच्याशी अबोला धरला होता. चार वर्षं झाली त्याला. पण गावात खारं ओळखणारी जीभ असेल तर ती हिचीच, असा आबांचा भरवसा.

"चाखून बघ. आणि माझ्या तोंडाकडे बघून सांगू नकोस, हं. माझा मान गेला खड्ड्यात. खरं काय ते सांग."

तिने माती तोंडात घेतली, घोळवली, थुंकली. "गोड आहे, मामंजी."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! आईशपथ."

आबांचा जीव भांड्यात पडला. चला, म्हणजे जीभ शाबूत आहे! पेरा म्हणून सांगायला त्यांनी हात वर केलासुद्धा. तेवढ्यात सून आपली सहज बोलून गेली, "माहेरचंच आता मला काही रुचत नाही बघा. गेल्या महिन्यात गेले होते ना, तर तिथलं पाणी घशाखाली उतरेना. नुसतं फिक्कट! शेवटी चिमूटभर मीठ टाकून प्यायले. आई हसून हसून लोळली."

आबा हसले नाहीत. वर केलेला हात तसाच राहिला. त्यांची नजर रानाकडेच्या पाटावर गेली. पणजोबांनी नदीपासून खणत खणत आणलेला पाट. त्याच पाण्यावर साठ घरं पोसली, आणि तेच पाणी वर्षानुवर्षं जमिनीच्या पोटातलं मीठ वर आणत राहिलं. शेतातून विहिरीत, विहिरीतून माणसांत. आबांना एकदम सगळं कळलं आणि त्यांना रडूच कोसळलं.

"ऐका रे," ते म्हणाले. "माझी जीभ मेली. हिचीही मेली. माती गोड की खारी, हे सांगणारं या गावात आता कुणी उरलेलं नाही. बी उचला आणि चला डोंगरात."

बांधावर एक म्हातारी मटकन खाली बसली. पाटकऱ्याचं तोंड एवढंसं झालं. डोंगरात कुठला आलाय पाट, आणि पाट नाही तर पाटकऱ्याला विचारतो कोण?

"आबांचं वय झालं हो," तो म्हणाला. एवढ्या हळू आवाजात त्याला कुणी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मग त्याने खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि तोंडात टाकली.

"अहो, गोड आहे की!"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग त्याच्या भावाने चाखली. मग कुंभाराने, मग खाली बसलेल्या म्हातारीने. "गोड!" "अगंबाई, खरंच गोड!" बघता बघता सगळं गाव रानात उतरलं. माणसं हसत होती, गळ्यात पडत होती, एकमेकांच्या तोंडात माती भरवत होती.

"अरे, थुंका ती! तुम्हाला काय डोंबल कळणार आहे?" आबा घसा फोडून ओरडत होते. ऐकतो कोण! पोत्यांची तोंडं सुटलीसुद्धा. पाटकऱ्याने मोठ्या प्रेमाने मूठभर बी आणून त्यांच्या हातात दिलं.

"टाका, आबा. पहिली मूठ तुमचीच."

आबांनी मूठ गच्च आवळली.

सून जवळ आली. त्यांचा हात तिने आपल्या हातात घेतला. "उगाच घाबरता, मामंजी," ती म्हणाली. "सगळं गाव कसं चुकेल?"

आणि तिने त्यांची बोटं एकेक करून उघडली.