नानांचा पासवर्ड

"सही करा आणि मोकळ्या व्हा," मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

कागदावर एवढंच होतं: मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दहावीतल्या एका विद्यार्थिनीचे गणिताचे गुण एकतीसचे एकाहत्तर झाले, आणि हा बदल ऑफिसातल्या कारकुनाच्या लॉगिनमधून झाला. खाली सहीसाठी रेघ आणि रेघेखाली तिचा हुद्दा, तंत्रज्ञान संचालक. एरवी या हुद्द्याला शाळेत काडीची किंमत नव्हती. वायर दिसली की तिला हाक मारायची, मग ती प्रोजेक्टरची असो नाहीतर पंख्याची. आज मात्र तो चांगला ठळक टायपात छापला होता.

विद्यार्थिनी संस्थेच्या अध्यक्षांची भाची. कोणा पालकाने तक्रार केली होती, तेव्हा आता कोणाच्या तरी माथी खापर फोडणं भाग होतं. अध्यक्ष स्वतः कोचावर बसले होते. कारकून, म्हणजे नाना, दाराशी उभे. निवृत्तीला सात महिने राहिलेले, आणि या कागदावर सही झाली की उद्यापासून घरी.

"यात खोटं काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं. "तुमच्याच सिस्टिमने सांगितलंय ना?"

"लॉगिन नानांचं आहे, साहेब. बोटं कोणाची, ते सिस्टिम सांगत नाही."

"बोटांचं आम्ही विचारलेलंच नाही."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. अख्ख्या शाळेला नानांचा पासवर्ड तोंडपाठ होता. का, तर स्वतःचा लक्षात ठेवायचा कंटाळा. उपमुख्याध्यापक, परीक्षा विभाग, ग्रंथपाल, सगळे खुशाल नानांच्या नावाने आत शिरायचे. नानांना कोणाला नको म्हणता यायचं नाही. असं करू नका म्हणून तिने सात परिपत्रकं काढली होती. ती सातही टाइप करून, सगळ्यांच्या वतीने 'वाचले' अशी खूण करून टाकली होती नानांनी. आणि सगळ्यात जास्त संताप याचा, की प्रवेशाच्या दिवसांत रांग फाटकापर्यंत गेली तेव्हा तिनेही, या तंत्रज्ञान संचालक बाईंनी, नानांचाच पासवर्ड मारला होता. एकदा नाही, चांगला आठवडाभर.

"नाना, तुम्ही बदललेत गुण?"

"नाही, मॅडम."

"मग कोणी?"

"मी कसं सांगू," नाना म्हणाले. "माझं नाव सगळेच वापरतात."

"झालं तर," मुख्याध्यापक म्हणाले. "पासवर्ड वाटत सुटले, हाच गुन्हा. करा सही. तुमचाही करार यंदा नव्याने व्हायचाय मॅडम, उगाच ताणू नका."

हे ऐकल्यावर तिचा आवाज उलट खाली आला. "करते ना," ती म्हणाली. "पण गुण अजून एकाहत्तरच दिसतायत. ते आधी दुरुस्त व्हायला हवेत, नाहीतर अहवाल अर्धवट राहील. अधिकार तुमचा आहे, सर. तुम्हीच करा." आणि तिने लॉगिनचं पान उघडून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

मुख्याध्यापकांना घाई होती. ईमेलला एक फाइल जोडायची तरी हा माणूस तिला दोन मजले खाली बोलवायचा. आता त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि एकदाही न अडखळता, कोणाला काही न विचारता, भराभर टाइप केलं. पडद्यावर नानांचा फोटो आला. शेजारी लिहिलं होतं: नमस्कार, नाना.

मुख्याध्यापकांची बोटं तिथेच थांबली. अध्यक्षांनी मान पुढे करून फोटो पाहिला, मग दाराशी उभ्या नानांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"गुण बदला आणि उरका," ते म्हणाले. "मॅडम, सही."

इतकं डोळ्यांदेखत, आणि तरी सहीच. निर्लज्जपणालाही काही सीमा असते, असं तिला आजवर वाटत आलं होतं. कागद टराटरा फाडून तोंडावर फेकावा असं मनात आलं. पण फाडला असता तर त्यांनी दुसरा छापून घेतला असता, तोही नानांकडूनच.

मुख्याध्यापकांनी एकाहत्तरचे एकतीस करेपर्यंत ती थांबली. मग पेन काढलं आणि त्या छापील मजकुराखाली, मोठ्या अक्षरांत, वेळ न दवडता लिहिलं:

'आज दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी हे गुण पुन्हा बदलले. लॉगिन तेच. बदलणारे मुख्याध्यापक. अध्यक्ष समोर बसले होते. नाना दाराशी उभे होते. हे लॉगिन मीही वापरलेलं आहे.'

रेघेवर तिने पूर्ण नावाने सही केली. मुख्याध्यापकांनी कागदासाठी हात पुढे केला. त्यांचा हात तसाच पुढे राहू देऊन ती उठली, दारापाशी गेली आणि तिने कागद नानांच्या हातात दिला.

"नाना, याच्या चार झेरॉक्स काढा," ती म्हणाली. "पहिली तुमच्या खिशात ठेवा."