घरच्यांना मनाई

"घे, आज तुला हवं ते तिकीट घे," आकडेवाले म्हणाले आणि लॉटरीच्या टपरीसमोर अशा ऐटीत उभे राहिले, जणू टपरी त्यांच्याच मालकीची होती.

बायको दोन पावलं मागेच थांबली. नवरा सरकारी सोडतीत आकडे पुकारायला लागला, तेव्हाच साहेबांनी बजावलं होतं: खात्यातल्या माणसाने तिकीट घ्यायचं नाही, आणि त्याच्या घरच्यांनीही नाही. नोकरीवर पाणी सोडायचं असेल तर खुशाल घ्या. तेव्हापासून ही बाई टपरी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडून जायची. उगाच कोणी बोट दाखवायला नको! काल आकडेवाले निवृत्त झाले आणि ती मनाई उठली.

कालपासून त्यांना करमत नव्हतं. काय ती सोडत असायची! सभागृहात पाय ठेवायला जागा नाही, स्टेजवर आकड्यांच्या चिठ्ठ्या घोळवत गरगर फिरणारी पिंपं, चिठ्ठ्या टाकण्याआधी पहिल्या रांगेतल्या कोणालाही वर बोलावून पिंप रिकामं आहे ना ते बघायला लावायचं. मग त्यांचा खणखणीत आवाज रेडिओवरून घरोघर जायचा. न्हाव्याचा वस्तरा तेवढ्यापुरता गिऱ्हाइकाच्या गालावर थांबायचा म्हणे. आता आकडे संगणक काढतो आणि मुकाट्याने पडद्यावर टाकतो. त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला नेमलंसुद्धा नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. त्याहून जास्त एक गोष्ट टोचत होती. साऱ्या दुनियेला आपण आशेला लावलं आणि घरच्या माणसाला साधी एका तिकिटाची हौस करू दिली नाही. म्हणून आज ते तिला मुद्दाम घेऊन आले होते.

"काकू, चार आकडे सांगा. मशीन लगेच छापून देतं," टपरीवाला म्हणाला.

ती गोंधळेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने एका दमात आकडे सांगितले. "दोघी पोरींच्या जन्मतारखा," असंही वर पुटपुटली.

तिकीट हातात पडताच आकडेवाल्यांची जुनी खोड जागी झाली. त्यांनी घसा खाकरला, मान ताठ केली. "एक... चार... दोन..." शेवटच्या आकड्याआधी ते कायम थांबायचे, तसेच थांबले. येणारे-जाणारे वळून बघायला लागले. "सात!"

"अगदी अस्संच!" बायकोचा चेहरा उजळला. "त्या दिवशीही अस्संच वाचलं होतंत."

"कुठल्या दिवशी?"

"हा आकडा आला त्या दिवशी. पहिल्या बक्षिसाला. मी रेडिओपाशी इस्त्री करत होते. तुमच्या शर्टाची बाही जळली ती तेव्हाच. थोरलीचं कॉलेज सुटलं ना, त्याच वर्षीची गोष्ट."

आकडेवाल्यांना सगळं आठवलं. त्या वर्षी फी भरायची ऐपत नव्हती म्हणून थोरली नोकरीला लागली होती. आणि आपण स्वतःच्या तोंडाने तो आकडा पुकारून, चहा पिऊन घरी आलो होतो! त्यांना फार वाईट वाटलं.

"आणि तू ब्रसुद्धा काढला नाहीस? इतकी वर्षं मनात ठेवलंस?"

"ठेवलं कुठे? आधी पोटभर रडले. मग म्हटलं, तिकीट नव्हतं तर नव्हतं, पण आपला आकडा आला तर खरा! आणि तोही घरच्या माणसाच्या आवाजात. मग गोडाचं केलं. तुम्ही विचारलंत, आज काय विशेष? मी सगळं खरं खरं सांगितलं."

"मला सांगितलंस?"

"तुम्हालाच. तुम्हाला वाटलं, मी थट्टा करतेय. हसलात आणि म्हणालात, वाढ अजून थोडं."

आकडेवाल्यांनी तिचा हात धरला.

"काकू, तिकीट जपून ठेवा," टपरीवाला म्हणाला. "उद्याच सोडत आहे."

तिने तिकीट नवऱ्याच्या हातातून काढून घेतलं आणि टपरीच्या फळीवर परत ठेवलं.

"राहू दे तुमच्याकडेच. ज्याचा आकडा अजून यायचाय, त्याला द्या."