बेवारस पिशवी

हल्ल्याच्या भीतीने निवडणूक पुढे ढकलायची की नाही, यावरून देशभर भांडणं चालली होती. त्यातच आज सकाळी मतदान केंद्राच्या शाळेत एक बेवारस पिशवी सापडली आणि तासाभरात निवडणूक लांबणीवर पडलीसुद्धा.

श्वानपथकातल्या हवालदाराने वर्गात कुत्री सोडली. पिशवी हुंगताच ती आनंदाने शेपटी हलवायला लागली. हवालदाराने वाकून पाहिलं आणि तो मागे उभ्या साहेबांकडे वळला.

"साहेब, ही तर आपली सरावाची पिशवी! रोज या कुत्रीला शोधायला लावतो तीच. तुटलेला बंद माझ्या बायकोने शिवून दिलाय."

साहेबांनी आधी वर्गाचं दार लावून घेतलं, मग म्हणाले,



"तरी मी वरच्यांना सांगत होतो, या कामाला नवी पिशवी घ्या म्हणून!"