शुद्ध शाकाहारी नमुना

नामशेष झालेलं गुहेतलं अस्वल मांस खायचं की नुसती कंदमुळं, हे मेढेकर सर त्याच्या हाडाच्या चुऱ्यावरून शोधत होते. खाल्लेलं अन्न हाडांत, केसांत उतरतं आणि यंत्र ते बरोबर ओळखतं. तुलनेसाठी आता फक्त शुद्ध शाकाहारी माणसाचे केस हवे होते.

"सर, तुमचेच द्या की," विद्यार्थिनी म्हणाली. सरांचा वरणभाताचा डबा सगळ्या विभागाला ठाऊक होता.

सरांनी टकलावरून हात फिरवला. "माझे कुठे उरलेत?" खरी भीती वेगळीच होती. दर बुधवारी 'मीटिंग' सांगून ते स्टेशनजवळच्या खानावळीत सुरमई हाणत. म्हणून त्यांनी बायकोच्या कंगव्यातले केस आणून दिले. घरात अंडंसुद्धा येऊ न देणारी बाई. तिच्याइतका सोवळा नमुना मिळणार कुठे?

आठवड्याने विद्यार्थिनी ओशाळतच निकाल घेऊन आली. "सर, अस्वल कंदमुळंच खायचं. पण हे तुमच्या घरचे केस... ही व्यक्ती बऱ्यापैकी मासे खाते."

त्या संध्याकाळी ताटात दुधी होता.

"उद्या भजनी मंडळ आहे हं," बायको वाढता वाढता म्हणाली. "मी तिकडेच जेवेन."

सरांना राहवलं नाही. "तिथे मासे ताजे मिळतात का गं?"

पळी हवेतच थांबली. मग तिने शांतपणे आणखी दुधी वाढला.

"मिळतात की. तुमच्या बुधवारच्या शर्टाला येतो, तसला वास नसतो."