धुळीतली नक्षी

“चारही टायर बदला आन् मागच्या स्प्रिंगले एकेक पाटा वाढवा. गाडी चार बोटं वर पाह्यजे मले,” प्रफुल म्हणाला आणि त्याने जीपच्या बॉनेटवर थाप मारली. भद्रावतीहून येऊन त्याने ही जीप विकत घेतली, त्याला आठ दिवस झाले होते. जीपबरोबर तिचा जुना ड्रायव्हर देवाजीही त्याच्या वाट्याला आला होता, आणि गाडी व ड्रायव्हर यांत प्रफुल फारसा फरक करत नव्हता.

एटापल्लीच्या स्टँडलगत नूर मोहम्मदचं टायरचं दुकान होतं. दुकानासमोर आतल्या गावांना जाणारी नऊ माणसं जीप सुटायची वाट बघत बसली होती. त्यांचं सामान टपावर चढलेलं होतं.

“पाटा वाढवू नका,” देवाजी म्हणाला. “गाडी कडक होते. कधी दिवस भरलेली बाई असते मागं, कधी तापानं फणफणलेलं लेकरू. त्यायचे हाडं खिळखिळे होतीन.”

“तुले विचारलं का कोणी?”

“आन् टायर बी राहू द्या. अजून एक साल निघते त्यायच्यात.”

“परवा नाल्यात कोण फसला होता, मी का तू?” प्रफुलने भिंतीला टेकवलेल्या नव्या टायरला बूट लावला. मुठीएवढाले रबराचे गट्टू, मधे बोट जाईल अशा खाचा. “दोन घंटे रेतीत बसवलं तू मले. हा टायर भिंतीवर चढन.”

टायर उत्तम होते. अठरा वर्षं त्या वाटेवर गाडी हाकणाऱ्याला ते सांगायची गरज नव्हती. पण तिथे डांबर नव्हतं, धूळ होती, आणि धुळीतली नक्षी बघून शेंबडं पोरही सांगायचं की ही देवाजीची गाडी गेली. रानात बंदुका घेऊन फिरणारे, सडकेखाली सुरुंग पुरणारे, तेही माणूस नंतर बघत, धूळ आधी वाचत. आणि असली गट्टूंची नक्षी अख्ख्या तालुक्यात फक्त पोलिसांच्या दोन नव्या गाड्यांना होती. महिन्यापूर्वी याच दुकानात, नूर मोहम्मदच्याच हातांनी ते टायर बसले होते.

हे उघड बोलायची सोय नव्हती. बोललं, की पुढचा सवाल ठरलेलाच होता: ते काय वाचतात हे तुला रे कसं ठाऊक? प्रफुलची संध्याकाळची उठबस ठाण्यात असायची. म्हणून देवाजी बिचाऱ्या पाट्यावरून भांडत होता. ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळ त्याच्यावर आली होती.

“नूरभाई, तुमी तरी सांगा.”

नूर मोहम्मदने जॅकवरून मान वर केली नाही. “मेरेको क्या करना, देवाजीभाऊ. मालक सांगन ते मी बसवतो.”

सगळं ठाऊक असून हा माणूस मूग गिळून बसला. देवाजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

“भेतो का तू गाडी चालवाले?” प्रफुलने सगळ्यांच्या देखत विचारलं.

“भेतो.”

“कायले?”

देवाजीने नजर टायरच्या खाचांवर नेली. समोरची नऊ माणसंही तिकडेच बघत होती.

दुपारपर्यंत टायर चढले, पाटे आवळून झाले. प्रफुलने स्वतः जीप अंगणभर मागेपुढे फिरवली आणि नवरदेवासारखा खाली उतरला. “चला, बसा लवकर,” तो म्हणाला.

सगळ्यांत आतल्या गावची म्हातारी बुधरी पहिली उठली. ती जीपकडे आली नाही. चाकांमागच्या धुळीशी जाऊन वाकली, नक्षी नीट बघितली, मग देवाजीकडे बघितलं.

“माही टोपली खाली दे,” ती म्हणाली.

“काऊन बाई?” प्रफुलने विचारलं.

“पायी जातो.”

“चाळीस किलोमीटर?”

“पायी जातो,” ती पुन्हा म्हणाली.

देवाजीने टपावर चढून टोपली दिली. मग पिशवी मागायला दुसरा आला, मग तिसरा. गाठोडी, चुंगड्या, कोंबड्यांचा झाप, सगळं एकेक करून खाली आलं.

“आज भाडं नाई घेत मी. फुकट बसा,” प्रफुल त्यांच्या पाठीशी ओरडला. एकानेही मागे वळून बघितलं नाही.

मग त्याने देवाजीच्या अंगावर किल्ली फेकली. ती त्याच्या छातीला लागून खाली पडली. “रिकामी घेऊन जाय. एक फेरी मारून आण. नाई तं उद्यापासून तोंड दाखवू नको मले.”

देवाजीच्या घरात दुसरी कमाई नव्हती, आणि पोरीच्या नर्सिंगचं अजून एक वर्ष बाकी होतं. तो किल्लीकडे बघत राहिला. उचलली नाही.

“हे टायर मले रेतीतून काढतीन, प्रफुलभाऊ,” तो म्हणाला, “घरी नाई आणणार.” आणि त्या नऊ जणांच्या मागे चालू लागला.

प्रफुलने वाकून किल्ली उचलली. चेहऱ्यावरचा माज उतरला होता. “नूरभाई, काय झालं ह्या लोकायले? कायले भेतात हे?”

नूर मोहम्मद दुकानात गेला. खराटा घेऊन आला आणि आपल्या दुकानापुढची धूळ झाडायला लागला, जीपच्या चाकांपासून थेट सडकेपर्यंत.