सोमवारच्या आधी

उम्म अल कुवैनच्या खाडीवर जानेवारीचा वारा सुटला होता. गळाला कोळंबी लावताना सुजीतची बोटं वळत नव्हती. दोनदा गळ अंगठ्यात घुसता घुसता राहिला.

"इथे थंडी वाजते म्हटलं की वैभवी फोनवर हसते मला," तो म्हणाला. "आता इकडे राहायला येईल तेव्हा कळेल."

शेजारच्या दगडावर उपेंद्र कानटोपी ओढून बसला होता. दोघं एकाच कंपनीत, उपेंद्र सुजीतचा मॅनेजर. पण थंडीचे महिने दर शनिवारी पहाटे दुबईतल्या करामाहून एकाच गाडीतून निघायचं, इथे दगडांवर बसून रॉड टाकायचे आणि उन्हं चढली की परत जायचं, यात ऑफिस कुठे नसायचं.

आज पाणी गढूळ होतं. पलीकडे खारफुटीच्या कडेला दोन रोहित पक्षी माना पिसांत खुपसून उभे होते. रॉडची टोकं हलत होती ती वाऱ्याने.

"थंडीत मासे तोंड उघडत नाहीत हे मला माहितीये," सुजीत म्हणाला. "पण तुला काय झालंय? शारजा गेलं, अजमान गेलं, एक शब्द नाही."

"झोप नाही झाली."

सुजीतने थर्मासमधून चहा ओतून कप त्याच्या हातात दिला.

"फ्लॅट फायनल केला. बाल्कनीतून मेट्रो दिसते. तन्मयला व्हिडिओ पाठवला, तर विचारतो, बाबा, रात्री पण दिसेल? इथल्या शाळेची टेस्ट पास झाला ना, हवेत आहे एकदम." त्याने स्वतःलाही चहा ओतून घेतला. "वैभवी मात्र रडतेय. सोमवारी राजीनामा देतेय ती. बँकेतली पर्मनंट नोकरी, परत काही मिळायची नाही. मी म्हटलं, अगं, इथे बघू काहीतरी, इन्शाल्ला."

उपेंद्रने कप ओठाला लावला नाही. गुरुवारच्या मीटिंगमध्ये एचआरने सगळ्या मॅनेजरना बजावलं होतं, मंगळवारी यादीतल्या लोकांना बोलावून सांगायचं, तोवर एक शब्द बाहेर जाता कामा नये. गेला, तर ज्याच्याकडून गेला त्यानेही आपलं टेबल आवरायचं. सगळ्यांबरोबर त्यानेही मान डोलावली होती. काल घरी तो कुणाशी धड बोलला नव्हता.

"सुजीत."

"बोल."

"वैभवीला सांग, राजीनामा देऊ नको म्हणून."

"अरे, तिचं ठरलंय आता. मोठ्या मुश्किलीने तयार..."

"देऊ नको म्हणावं."

सुजीतने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्याच्या रॉडचं टोक वाकलं. सकाळपासूनचा पहिला मासा. तो उठला, पाय रोवले आणि रीळ फिरवायला लागला. एरवी त्याने आरडाओरडा केला असता, उपेंद्रला फोटो काढायला लावला असता. आज त्याने गुपचूप मासा काठाशी आणला. चांगली हातभर शेरी मासळी. त्याने हात पाण्यात भिजवले, गळ हळूच सोडवला, मासा दोन्ही तळव्यांत पाण्याखाली धरून ठेवला. शेपटी हलली तसे तळवे उघडले.

"केवढी होती रे," उपेंद्रच्या तोंडून निघून गेलं.

सुजीत उकिडवा तसाच बसून होता. बोटांवरून पाणी निथळत होतं.

"कधी कळलं, सर?"

खाडीवर तो उपेंद्रला कधी सर म्हणाला नव्हता.

"गुरुवारी."

"नाव कुणी दिलं?"

उपेंद्रला खोटं बोलता आलं असतं. एचआरवर, वरच्या कुणावर तरी ढकलता आलं असतं.

"मी दिलं," तो म्हणाला. "तू किंवा राहिल, दोघांतलं एक नाव द्यायचंच होतं. राहिलची मुलं इथल्या शाळेत आहेत. तुझी माणसं अजून तिकडेच होती, म्हणून मला वाटलं..."

"अजून," सुजीत म्हणाला.

मग त्याने पँटला हात पुसले आणि फोन काढला. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून स्पीकर लावला.

"हां, वैभवी. ऐक. सोमवारचं राहू दे... अगं, राजीनाम्याचं. नको देऊस आत्ता."

"काय झालं?"

"काही नाही. जरा घाई होतेय असं वाटतंय."

"घाई? वर्षभर तूच मागे लागला होतास. ऑफिसमध्ये काही झालंय का? कुणी काही बोललं का तुला?"

"कुणी नाही. मीच विचार केला."

"तू खोटं बोलतोयस. उपेंद्रभाऊजींना दे फोन. ते तरी सरळ सांगतील. आहेत ना ते तिथे?"

उपेंद्र उठून उभा राहिला. चहाचा कप दगडावर ठेवून त्याने फोनसाठी हात पुढे केला.

सुजीत त्या हाताकडे बघत राहिला.

"नाही," तो फोनमध्ये म्हणाला. "आज मी एकटाच आलोय."