खिडकीजवळची जागा

शिक्षकांची बी.टी. परीक्षा झाल्यावर पुण्यात बालमानसशास्त्र शिकणाऱ्या कुमुदबाईंना पदवीसाठी एका मुलाचं तासभर निरीक्षण करायचं होतं. त्याच्याशी बोलायचं मात्र नाही. बारामतीच्या कालव्याकाठच्या एका शाळेत गुरुजींनी सरूकडे बोट दाखवलं.

"ही सदानकदा तंद्रीत. तुम्ही मंद म्हटलंत, की नाव कमी करतो."

कुमुदबाई खिडकीला पाठ करून सरूसमोर बसल्या. कालव्याच्या पाण्यावरून परतलेलं ऊन आढ्यावर हलत होतं. बाहेर उसाचे तुरे डुलत होते, आणि वर्गातले पाढे कुठून तरी लांबून येत असल्यासारखे वाटत होते. सरू कधी डावीकडून मान काढी, कधी उजवीकडून, आणि पुन्हा हरवून जाई. बघता बघता कुमुदबाईंनाही गुंगी आली.

शेवटी न राहवून त्यांनी नियम मोडला. "काय बघतेस गं?"

"आय उसाला पाणी धरती. बांधावर आली की हिकडं बघती."

"तुला आईकडे जायचंय का?"

"न्हाय." सरू हळूच म्हणाली, "बाई, तुमी जरा सरकता का? मी साळंत बसल्याली तिला दिसाय पायजे."